धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हता

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज या गावी झाला. तेव्हा त्या पंचविशीत होत्या. त्यांच्या लहानग्या लेकीचा, मनोरमेचा बाप्तिस्माही त्यांच्याबरोबरच झाला. पुढे 1907 साली त्यांनी आपली साक्ष, म्हणजे आपल्या श्रद्धेची कहाणी, लिहून प्रसिद्ध केली. तिच्यात त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी मला उमगलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता. पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त, तो मला सापडलेला नव्हता.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. रमाबाईंनी धर्म स्वतः निवडला होता. त्यासाठी आप्तांचा, पुण्यातल्या सुधारकांचा, वृत्तपत्रांचा रोष पत्करला होता. वेद-पुराणांत मुरलेल्या बुद्धीने एकेक सिद्धान्त तपासून त्या या धर्मात आल्या होत्या. एवढं करूनही त्या म्हणतात, ख्रिस्त राहूनच गेला होता. मग ज्यांना हा धर्म जन्माबरोबर आयता मिळाला, त्यांचं काय?

मी तशांपैकी एक. आमचं घराणं नगर जिल्ह्यातलं, आजोबांच्याही आधीपासून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये असलेलं. माझा बाप्तिस्मा मला आठवत नाही, कारण तेव्हा मी आईच्या मांडीवर होते. संडे स्कूलमध्ये दर आठवड्याला सुवर्णवचन पाठ करायचं आणि पुढच्या रविवारी उभं राहून म्हणून दाखवायचं. नाताळच्या नाटकात आधी मेंढपाळ व्हायचं, उंची वाढली की देवदूत. गुड फ्रायडेला भर दुपारी वधस्तंभावरच्या सात उद्गारांची लांबलचक उपासना. पुढे दृढीकरण, प्रभुभोजन, तरुण संघ, आणि लग्नानंतर महिला मंडळ. रात्री जेवणं झाली की वडील कंदिलाजवळ बायबल उघडायचे. एक अध्याय, एक गीत, मग प्रार्थना, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'. धाकटा भाऊ हमखास मध्येच झोपलेला असायचा. हे सगळं मला मनापासून प्रिय आहे. त्यातलं काही टाकून द्यावं असं मला कधी वाटलं नाही, आजही वाटत नाही.

या वाढण्यातून एक भाषा मात्र अंगवळणी पडते. 'हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, या सुंदर वेळेकरता आणि संधीकरता आम्ही तुझे आभार मानतो' इथून सुरुवात करायची आणि 'येशूच्या नावाने मागतो, म्हणून ऐक' इथे पोचायचं. मधली वळणंही ठरलेली असतात: आजारी, प्रवासी, परीक्षेला बसलेली मुलं, देशाचे अधिकारी. मी शाळेत शिकवलेली बाई. उभं राहून बोलायची सवय, त्यामुळे मला अशी प्रार्थना सुरेख करता यायची. सभेत कुणी म्हणालं की 'बाई, तुम्हीच प्रार्थना करा', तर मला क्षणाचीही तयारी लागत नसे. त्यात खोटं काही नव्हतं, सगळ्यांच्या वतीने देवापुढे उभं राहणं हेही एक काम आहे आणि ते कुणीतरी नीट करायला हवं. पण सगळे घरी गेल्यावर, दिवा मालवल्यावर देवाशी बोलायचं ते कशाबद्दल आणि कोणत्या तोंडाने, हे त्या सभेत शिकता येत नाही.

येशूने डोंगरावरच्या प्रवचनात प्रार्थनेबद्दल जे सांगितलं आहे ते या दृष्टीने फार सरळ आहे. चव्हाट्यावर उभे राहून लोकांनी पाहावं म्हणून प्रार्थना करणाऱ्यांसारखे होऊ नका. आपल्या खोलीत जा, दार लावून घ्या, आणि एकांतात असलेल्या पित्याशी बोला. पुष्कळ बोलल्याने तो ऐकेल असं समजू नका, तुम्ही मागण्यापूर्वीच तुमची गरज त्याला ठाऊक आहे. आता गरज ठाऊकच असेल, तर मग बोलायचं कशाला? मला वाटतं, माहिती पुरवण्याचं काम आधीच संपलेलं असल्यामुळेच तिथे खरं बोलता येतं. ज्याला सगळं ठाऊक आहे त्याच्यासमोर सजवून मांडण्यासारखं काही उरत नाही.

रमाबाईंच्या त्या आठ वर्षांकडे मला इथूनच पाहावंसं वाटतं. त्याआधीची त्यांची वाटही ध्यानात घ्यायला हवी. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांचं कुटुंब गावोगावी पुराणं सांगत तीर्थयात्रा करणारं. व्रतं, उपास, दानधर्म सगळं जिवाभावाने केलेलं. 1870च्या दशकातल्या दुष्काळात ते कुटुंब अन्नाला मोताद झालं. आई, वडील, थोरली बहीण अशी एकामागून एक माणसं गेली. उरलेला भाऊ श्रीनिवास 1880 साली गेला, आणि लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती तोच 1882च्या फेब्रुवारीत पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले. हाक मारूनही उत्तर न येणं म्हणजे काय, हे या बाईला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

सिल्चरला संसार करत असताना घरातल्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत मिळाली होती. तिथून त्या वाचू लागल्या. इंग्लंडला गेल्यावर वाँटेजच्या मठातल्या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला नेलं. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथे त्या भगिनी सांभाळत होत्या. अशा स्त्रियांना जवळ करणारा धर्म त्यांनी पहिल्यांदा पाहिला. हे लोक असं का करतात, असं त्यांनी विचारलं, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. भर दुपारी विहिरीवर एकटी आलेली, पाच नवरे झालेली, यहुद्यांच्या लेखी विटाळाची बाई. येशू तिच्याजवळ पाणी मागतो आणि तिच्याशी सविस्तर बोलत बसतो. चारही शुभवर्तमानांत येशूचं एका माणसाशी एवढं लांब संभाषण क्वचितच सापडतं. विशेष म्हणजे ते संभाषण खरं कुठे होतं? 'तुझ्या नवऱ्याला बोलाव' असं तो म्हणतो आणि ती म्हणते, 'मला नवरा नाही', तिथे. तोवर ती पाण्याबद्दल, पूर्वजांच्या विहिरीबद्दल, म्हणजे इकडचं तिकडचं बोलत होती. त्या एका उत्तरानंतर ती देवाबद्दल विचारू लागते.

बाप्तिस्म्यानंतर रमाबाई गप्प बसल्या नाहीत. चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकत-शिकवत असताना त्यांनी वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांना आणि प्राचार्या डोरोथिया बील यांना लिहिलेली पत्रं उपलब्ध आहेत. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचं देवत्व, चर्चमधल्या अधिकाऱ्यांची सत्ता, कुठल्या पंगतीला बसायचं, काय खायचं नाही, सगळ्यावर त्या वाद घालतात. एका पत्रात त्या म्हणतात की भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतली आहे, आता तशाच दुसऱ्या जोखडाखाली मी स्वतःला घालणार नाही. क्रूसावरची अक्षरं लॅटिनमध्ये कशाला हवीत, असंही त्या विचारतात. सिस्टर जेराल्डीनना यात गर्व दिसत होता. त्या कळवळून उत्तरं लिहीत. आणि तरीही ही सगळी पत्रं त्यांनी जपून ठेवली, संगतवार लावली, म्हणून आज आपल्याला ती वाचता येतात. त्या म्हाताऱ्या सिस्टरबद्दल मला यासाठी फार आदर वाटतो. आपल्याला न पटलेलं, आपल्याला बोचलेलंसुद्धा तिने फाडून टाकलं नाही.

ही आठ वर्षं वाया गेली, असा अर्थ पुष्कळ जण काढतात. आमच्याकडे साक्ष सांगण्याची एक रीतही आहे: आधी अंधार, मग एक तारीख, मग उजेड. स्वतः रमाबाईंनीही आपलं आयुष्य अशाच रेषेने विभागलं आहे, आणि आपलं आयुष्य कसं सांगायचं हा हक्क त्यांचाच. पण पत्रं वाचताना मला वेगळं दिसतं. 1891च्या सुमारास त्यांनी एका इंग्रज धर्मगुरूचं आत्मकथन वाचलं. तो माणूस धर्मगुरू झाल्यानंतर काही काळाने ख्रिस्ताकडे वळला होता, तोवर फक्त धर्माचं काम करत होता. ते वाचून रमाबाईंना स्वतःचा शोध लागला. असं पुस्तक हजारोंनी वाचलं असेल. पण 'धर्मगुरू असूनही याला ख्रिस्त नव्हता, तर मला तरी आहे का?' हा प्रश्न स्वतःला विचारायची हिंमत कुणाला होते? ज्या बाईने बिशपांपुढे न पटलेलं पटलं म्हणून सांगितलं नाही, तीच देवापुढेही सांगू शकली की मला तू अजून मिळालेला नाहीस. पहिली सवय नसती तर दुसरी हिंमत आली नसती, असं माझं ठाम मत आहे.

तेव्हा त्या काही रिकाम्या बसलेल्या नव्हत्या. 1889 साली मुंबईत शारदा सदन निघालं होतं, दुसऱ्या वर्षी ते पुण्याला आलं होतं. विधवा मुली शिकत होत्या. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी विवाह करणाऱ्या गोदूबाई त्यांच्यातल्याच. बाहेरून पाहणाऱ्याला या बाईच्या श्रद्धेत काय कमी दिसलं असतं? सेवा चालू होती, त्याग चालू होता, प्रार्थनाही चालू असणार. देवाच्या कामात बुडालेल्या माणसाचं देवाशी बोलणं थांबलेलं असू शकतं, आणि ते त्या माणसाखेरीज कुणालाच कळत नाही.

माझ्यापुरतं बोलायचं तर हे मला माझ्या मिस्टरांच्या आजारपणात कळलं. त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि डायलिसिस सुरू झालं. आठवड्याचे ठरलेले दिवस, प्रत्येक वेळी चार-चार तास. रक्त यंत्रातून फिरून परत येईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसायचं. सुरुवातीला मी माझी नेहमीची प्रार्थना करत असे. डॉक्टरांना बुद्धी दे, यंत्राला यश दे, त्यांच्या शरीराला स्पर्श कर. महिने गेले तशी ती प्रार्थना माझ्याच कानांना परकी वाटू लागली. मला म्हणायचं होतं, मला हे नको आहे. मी दमले आहे. तू पाहतोस ना? पण देवाशी असं बोलतात का?

बोलतात. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यांतला मोठा वाटा तक्रारींचा, विलापाचा आहे. लहानपणापासून आम्हाला तेविसावं स्तोत्र शिकवलं जातं, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे'. त्याच्या शेजारचं, बाविसावं, आम्ही गुड फ्रायडेपुरतं ठेवतो. ते 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' इथून सुरू होतं. तेरावं स्तोत्र देवाला विचारतं, किती वेळ? कायमचा विसरणार आहेस का मला? अठ्ठ्याऐंशीव्यात तर सुटका नाहीच. बाकीच्या बहुतेक विलापस्तोत्रांत शेवटी कुठेतरी आशेचं वळण येतं, यात येत नाही. ते अंधारावरच संपतं. त्या बाकावर बसून मी ते वाचलं तेव्हा मला रडू आलं, आणि बऱ्याच दिवसांनी देवाच्या जवळ असल्यासारखं वाटलं. ज्यांनी ही स्तोत्रं गोळा केली त्यांनी हे स्तोत्र वगळलं नाही. मंदिरात गायच्या गीतांत ठेवलं. म्हणजे हे बोलणंही देवाच्या घरात चालतं.

मग मला बायबलभर तशीच माणसं दिसू लागली. शिलोच्या मंदिरात हन्ना इतकी आतून प्रार्थना करत होती की ओठ हलत होते आणि आवाज नव्हता. एली याजकाला वाटलं बाई प्यायलेली आहे. ती म्हणते, मी प्यायलेले नाही, मी माझं हृदय परमेश्वरापुढे ओतते आहे. धर्माचा अधिकारी जवळच बसला होता आणि त्याला खरी प्रार्थना ओळखता आली नाही, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. याकोब यब्बोकच्या काठी रात्रभर झुंजला आणि म्हणाला, आशीर्वाद दिल्याशिवाय सोडणार नाही. पहाटे निघाला तो लंगडत. ईयोबाने तर अध्यायांमागून अध्याय देवाला जाब विचारला. त्याचे मित्र देवाची बाजू मांडत होते. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने त्यांची भाषणं व्यवस्थित होती. शेवटी देव त्या मित्रांना म्हणतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. ईयोब देवाशी बोलत होता आणि मित्र फक्त देवाविषयी, मला तरी हाच फरक दिसतो.

आणि गेथशेमाने, पकडला जाण्याच्या रात्रीची ती बाग. येशू स्वतः तिथे जमिनीवर पडून म्हणतो, शक्य असेल तर हा प्याला माझ्यापासून टळून जावो. 'तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे त्याच्या नंतर येतं. आम्ही भेटायला येणारी माणसं बहुतेक वेळा आजारी माणसाच्या उशाशी उभे राहून थेट दुसऱ्या वाक्यावर जातो. देवाची इच्छा, म्हणतो. पहिलं वाक्य गाळून दुसरं म्हटलं तर ती शरणागती होत नाही, ती पळवाट होते. देवाच्या पुत्राला पहिलं वाक्य म्हणावंसं वाटलं, एकदा नाही, तीनदा वाटलं, तर मी ते का गिळावं?

मी गिळलं नाही. त्या बाकावर, शेजारी कुणाचा तरी डबा उघडलेला, समोर नातेवाइकांची ये-जा, मी मनातल्या मनात माझ्या घरच्या बोलीत देवाशी भांडले. काही दिवस नुसती गप्प बसले. आणि एक गोष्ट सांगायलाच हवी: जेव्हा स्वतःचे शब्द अजिबात सुचत नव्हते, तेव्हा पाठ असलेली प्रार्थना उपयोगी पडली. कंदिलाजवळ अर्धवट झोपेत घोकलेली 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' ओठांवर आपोआप यायची आणि मी तिच्या आधाराने चालायची. त्यामुळे मनातून आलेलं तेवढंच खरं आणि पाठ केलेलं ते कोरडं, असं जे आजकाल ऐकू येतं, ते मला मान्य नाही. वडिलांनी ते शब्द माझ्यात साठवून ठेवले होते. गरज पडली तेव्हा ते निघाले.

माझे मिस्टर गेले. मी मागितलं होतं ते मला मिळालं नाही. याला मी काही सुंदर अर्थ लावणार नाही, कारण मला तो दिसलेला नाही. पण दफनविधीनंतरच्या रिकाम्या दिवसांत मला कळलं की मी देवाशी बोलणं थांबवलेलं नाही. आधी मी त्याच्याकडे मागण्या घेऊन जात होते. आता मागायला काही नव्हतं, तरी सकाळी उठून मी त्याच्याकडेच वळत होते. तक्रारीच्या त्या महिन्यांतच ही ओळख झाली होती. कुणी तरी सतत ऐकत होतं हे मला ठाऊक झालं होतं. कसं ठाऊक झालं, हे मला पुराव्यानिशी सांगता येणार नाही. पण घरात दुसऱ्या खोलीत माणूस आहे हे न पाहता कळतं, तितकंच ते मला स्पष्ट होतं.

भावनेबद्दलही थोडं बोलायला हवं. 1905च्या जूनअखेर केडगावला, रमाबाईंनी निराधार मुली-बायकांसाठी काढलेल्या मुक्ती मिशनमध्ये, शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, आणि श्रद्धेची ती नवी जाग दूरवर गाजली. आजही काही मंडळ्यांत तसं होतं आणि काहींत ते नको म्हणून दारं लावून घेतात. मला दोन्हीकडचा आग्रह पटत नाही. अश्रू आले म्हणजे देव भेटला असं नाही आणि आले नाहीत म्हणजे भेटला नाही असंही नाही. स्वभाव वेगळे असतात. नारायण वामन टिळक कवी होते. तुकोबांच्या अभंगांत वाढलेलं मन घेऊन ते 1895 साली ख्रिस्ताकडे आले आणि आयुष्यभर त्याला माउली म्हणून आळवत राहिले. लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. त्यांनी पाच वर्षं घेतली, स्वतःच्या डोक्याने विचार केला, आणि 1900 साली स्वतःच्या पायांनी आल्या. एकाच घरातली दोन माणसं, दोन चाली. नवऱ्याची श्रद्धा उसनी न घेता त्या थांबल्या, याचं मला फार कौतुक आहे.

मी आता काय करते, असं मला बायका विचारतात. सकाळी एक स्तोत्र मोठ्याने वाचते, क्रमाने, आवडीनिवडी न करता, म्हणजे शाप देणारी स्तोत्रंही वाट्याला येतात. मग थोडा वेळ काही बोलत नाही. मग बोलते. रात्री झोपण्यापूर्वी दिवसाची उजळणी करते: कुठे आनंद झाला, कुठे मन कडवट झालं, कुणाला टाळलं. ही रीत कॅथलिकांकडची. सोळाव्या शतकातल्या इग्नेशियस लोयोलांनी आपल्या अनुयायांना ती घालून दिली. आम्ही प्रॉटेस्टंट घरातले, पण वसईच्या एका मैत्रिणीकडून मी ती शिकले आणि मला ती मानवली.

या रात्रीच्या उजळणीत एक अडचण वारंवार येते, ती माणसांची. नात्यातल्या एका माणसाने आमच्या पडत्या काळात आमच्याशी जे केलं ते मी विसरलेले नाही. प्रभूच्या प्रार्थनेत 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' या ओळीशी मी अडते. येशूने तर याहून कठीण सांगितलं आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. देवाशी वैयक्तिक नातं म्हणजे देव आणि मी, दोघांचं गुळपीठ, असा समज यापुढे टिकत नाही. मी त्याच्या खोलीत गेले की तो मला दुसऱ्याच्या दाराकडे पाठवतो. अजून मी त्या दारापर्यंत गेलेले नाही. जायची इच्छा दे, एवढं तरी आता खरं म्हणता येतं. पूर्वी मी 'क्षमा केली' असं म्हणून पुढची ओळ गाठत असे.

रमाबाईंच्या बाबतीतही तो शोध घरात बसून राहिला नाही. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या, वाटेवर पडलेल्या मुलींना घेऊन आल्या. स्वतःच्या लहानपणीचा दुष्काळ त्या विसरल्या नव्हत्या. केडगावची शेतं, विहिरी, छापखाना, अंध मुलींची शाळा हे सगळं त्यातून उभं राहिलं. तरुणपणीच कमी झालेलं ऐकू येणं पुढे आणखी कमी होत गेलं. वैद्यकीय शिक्षणाचा बेत त्यांना त्यामुळेच सोडावा लागला होता. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवत बसल्या. 1921च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. आई, वडील, बहीण, भाऊ, पती, आणि आता एकुलती एक लेक. भाषांतराचं काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, तोवर ते हातावेगळं होत आलं होतं. मनोरमा गेल्यावर त्या खोलीत, दार लावून, त्या देवाला काय म्हणाल्या असतील, हे आपल्याला कळण्याचा मार्ग नाही. पण ज्या बाईने तरुणपणी चर्चला खडे बोल सुनावले, तिने त्या रात्री देवाशी गोड गोड बोलून वेळ मारून नेली असेल, असं मला वाटत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या मंडळीतली एक मुलगी उपासनेनंतर मागे थांबली. नर्सिंगचं शिकते, तरुण संघात गीतं बसवते. म्हणाली, 'बाई, खरं सांगू? मी सगळं करते, पण प्रार्थनेला बसले की मला काहीच वाटत नाही. कुणी आहे असंही वाटत नाही. हे पाळकसाहेबांना कसं सांगू?'

'पाळकसाहेबांना नंतर सांग. देवाला सांगितलंस का?'

ती गोंधळली. 'त्याला काय सांगू? तू आहेस असं वाटत नाही, हे त्यालाच?'

'त्यालाच. याच शब्दांत.'

'आणि मग?'

मग मी तिला मार्कचं शुभवर्तमान वाचायला सांगितलं. चारांत ते सगळ्यांत छोटं आहे, सोळा अध्याय, एका बैठकीत संपतं. प्रवचनासाठी किंवा पाठांतरासाठी म्हणून वाचू नकोस, हा येशू माणूस म्हणून कसा आहे ते पाहत वाच. कुठे चिडतो, कुठे दमतो, नावेत कसा झोपतो, कुणाला हात लावतो. जिथे पटणार नाही तिथे पेन्सिलने खूण कर. नवव्या अध्यायात एक बाप येतो, त्याचा मुलगा आजारी आहे. तो येशूला ओरडून म्हणतो, 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक.' येशू त्याला आधी विश्वास पक्का करून ये असं म्हणत नाही, मुलाला बरं करतो. तिथपर्यंत पोचलीस की मला फोन कर, असं मी तिला म्हटलं.

परवा तिचा फोन आला. ती अजून पाचव्यातच आहे, आणि समासात खुणाच खुणा आहेत म्हणाली. डुकरांच्या कळपावर तिचा मोठा आक्षेप आहे. दोन हजार मुक्या जनावरांनी काय केलं होतं, ती समुद्रात का बुडाली, असं तिचं म्हणणं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. गुरुवारी ती ड्यूटी संपवून घरी येणार आहे, तेव्हा आम्ही दोघी मिळून तो अध्याय पुन्हा वाचणार आहोत.